गृहप्रवेशाला न्यायचे काय?

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या व्याख्यानमालेत माझ्या आधी ज्यांची भाषणे झाली ते सर्व विद्वान होते. मी बँकेत काउंटरवर बसणारा माणूस. शिक्षण म्हणाल तर बी.ए., तेही कसेबसे. त्यामुळे सचिवांनी मला विषय विचारला आणि मी "गृहप्रवेशाला न्यायचे काय?" असे सांगितले, तेव्हा त्यांना प्रथम हसू आले. मग ते म्हणाले, "अहो, यावर अर्धा तास काय बोलणार?" मी म्हटले, बोलून बघतो. कारण गेल्या काही वर्षांत आपल्या सभासदांपैकी बऱ्याच कुटुंबांनी स्वतःची घरे घेतली आहेत. जवळजवळ दर महिन्याला कुठे ना कुठे गृहप्रवेशाचे आमंत्रण असते. आणि प्रत्येक आमंत्रणानंतर आपल्या प्रत्येक घरात, आदल्या रात्री, नवराबायकोत हाच प्रश्न निघतो. उत्तर न सापडल्यामुळे शेवटी स्टेशनजवळच्या दुकानातून एक भिंतीवरचे घड्याळ घेतले जाते.

आपल्या आईवडिलांच्या पिढीला हा प्रश्न नव्हता, कारण घरच नव्हते. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या एका खोलीत दहा-दहा माणसे राहिली, शिकली, चळवळीत गेली. स्वतः बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीत कितीतरी वर्षे राहिले. पुढे दादरला हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधले ते मुख्यतः ग्रंथांसाठी, हे आपण सर्वजण अभिमानाने सांगतो. आता वरळीच्या त्याच बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यांना घरासाठी कर्ज काढावे लागले नाही. परंतु कल्याण, बदलापूर, अंबरनाथ, पनवेल, विरार या बाजूला जे आपले लोक गेले ते बहुतेक कर्ज काढून गेले आहेत. माझ्या बोलण्याचा रोख त्यांच्याकडे आहे.

१९५६ साली धम्मदीक्षा घेतल्यावर आपण वास्तुशांती सोडली, होमहवन सोडले, मुहूर्त सोडला. बौद्धाचार्य येतात, त्रिसरण पंचशील होते, परित्राण पाठ होतो, खीर वाटली जाते. अर्ध्या-पाऊण तासाचा, दोनशे रुपयांच्या फुला-मेणबत्तीत होणारा सुंदर विधी आहे. पण वास्तुशांत गेली तरी तिच्यामागून येणारे जेवण, मंडप आणि आहेराची वही मात्र आपण ठेवून घेतली. इतकेच काय, पाकिटात १०० रुपये न घालता १०१ घालतो. हा वरचा एक रुपया कशासाठी, हे बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या माणसालाही सांगता येत नाही. असो.

आता माझा स्वतःचा अनुभव सांगतो. २०१३ साली मी बदलापूरला एक खोली-स्वयंपाकघराचा फ्लॅट घेतला. गृहप्रवेशाला सुमारे दीडशे माणसे जेवली. त्या जेवणासाठी मी पतपेढीतून वेगळे कर्ज काढले होते, हे आज बारा-तेरा वर्षांनी पहिल्यांदाच चारचौघांत सांगतो आहे. रात्री पाहुणे गेल्यावर आम्ही भेटवस्तू उघडल्या. भिंतीवरची घड्याळे सात. लेमन सेट चार. तथागतांच्या मूर्ती पाच. बाबासाहेबांच्या तसबिरी नऊ, त्यातल्या तीन तर अगदी एकसारख्या, एकाच दुकानातल्या. आणि घरात पंखा एकच, तोही जुन्या खोलीतून काढून आणलेला. खिडक्यांना पडदे नाहीत, पडदे अडकवायला दांड्या नाहीत. समोरच्या इमारतीचा जिना बरोबर आमच्या खिडकीसमोर. माझी पत्नी आणि मुलगी पहिले तीन दिवस दिवा मालवून कपडे बदलत होत्या. सात घड्याळे टिकटिक करत होती आणि आम्ही अंधारात होतो.

चौथ्या दिवशी आमच्या शाखेतले शिपाई, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, संध्याकाळी ड्युटी संपल्यावर आले. गृहप्रवेशाच्या दिवशी त्यांना सुट्टी मिळाली नव्हती. त्यांच्या हातात एक ड्रिल मशीन, चार दांड्या आणि स्क्रूची पुडी होती. ते म्हणाले, "साहेब, मी माझ्या घरात गेलो तेव्हा पहिली अडचण हीच आली होती." तासाभरात त्यांनी दांड्या बसवल्या, दाराला आतून कडी लावली, न्हाणीघराच्या खिडकीच्या काचेवर दूधिया कागद चिकटवला आणि चहा पिऊन पावणेनऊच्या गाडीने गेले. त्या घड्याळांपैकी आज एक चालू आहे. त्या चारही दांड्या आजही जागेवर आहेत.

तसबिरींचे काय झाले ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. आमच्या घरात तसबीर लावता येईल अशी भिंत एकच होती. एक तसबीर लावली, बाकीच्या आठ वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकल्या. पुढे एकदा माळा आवरताना पाचवीतल्या माझ्या मुलीने विचारले, "पप्पा, बाबासाहेबांना वर का ठेवलंय?" मला उत्तर देता आले नाही. नंतर त्यातल्या काही तसबिरी गावच्या विहाराला, काही समाजमंदिराच्या अभ्यासिकेला दिल्या. मी असे म्हणत नाही की तसबीर किंवा मूर्ती देऊ नये. परंतु ती देण्याआधी एक फोन करावा. कोणती तसबीर कोणत्या भिंतीवर लावायची हे त्या घरातल्या माणसांनी ठरवायचे असते. आपण श्रद्धेने नववी तसबीर देतो आणि तिचा अनादर व्हायची सोय आपणच करून ठेवतो.

आता थोडे बँकेचे बोलतो. घर घेतलेला माणूस गृहप्रवेशाच्या दिवशी आपल्याला नव्या कपड्यांत, हसतमुख दिसतो. आपल्याला वाटते, घर घेतले म्हणजे याच्याकडे बरेच असणार. पण कागदावर पाहिले तर त्या माणसाच्या संपूर्ण आयुष्यात त्याच्या हातात सर्वांत कमी पैसा असतो तो त्या दिवशी. समजा, घराची किंमत २५ लाख आहे. बँक जास्तीत जास्त ९० टक्के देणार, म्हणजे अडीच लाख स्वतःचे घालायचे. मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात ठिकाणानुसार ५ ते ७ टक्के आहे, आपण ६ धरू, ते झाले दीड लाख. नोंदणी फी १ टक्का, २५ हजार. अशा घराच्या कर्जात ही मुद्रांक शुल्क आणि नोंदणीची रक्कम धरली जात नाही. म्हणजे सव्वाचार लाख रुपये रोख उभे करायचे. त्यासाठी गळ्यातले गहाण पडते, भविष्य निर्वाह निधीतून उचल होते, मेव्हण्याकडे हात पसरला जातो. त्याशिवाय सोसायटीची अनामत, मीटरची रक्कम, वर्षभराचा देखभाल खर्च हे वेगळेच. (जाता जाता सांगतो, घर एकट्या स्त्रीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. अडीच लाख घालणाऱ्याला २५ हजार म्हणजे थोडे नव्हेत. आणि हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, तेव्हा आपल्या घरांच्या कागदावर बाईचे नाव यायला काही हरकत नसावी.)

पुढच्या महिन्यापासून हप्ता. साडेबावीस लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षे मुदत, तर हप्ता साधारण १९,५०० रुपये. त्यात पहिल्या हप्त्यातले सुमारे १५,९०० रुपये नुसत्या व्याजात जातात, मुद्दल फिटते जेमतेम ३,६०० रुपयांनी. ज्याने हे आकडे आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेले असतात, त्याच्या घरी आपण लेमन सेट घेऊन जातो.

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यात ऋण नसण्याचे सुख हे एक आहे. कोलियांच्या दीघजाणूला, जो स्वतःच म्हणाला की आम्ही बायकामुलांत राहणारी संसारी माणसे आहोत, त्यालाही त्यांनी जमा पाहून खर्च करावा, तराजू धरणाऱ्यासारखे दोन्ही पारड्यांकडे लक्ष ठेवावे, असेच सांगितले. आणि अंगुत्तर निकायात वेळेवर दिलेल्या दानाबद्दल एक लहानसे सुत्त आहे. वेळेवरची दाने पाच. त्यातले पहिले, नव्याने आलेल्याला दिलेले दान. मग प्रवासाला निघालेला, आजारी, दुष्काळात सापडलेला, आणि पाचवे म्हणजे नव्या पिकाचा पहिला वाटा शीलवंतांना. यातले "वेळेवर" हे मला फार महत्त्वाचे वाटते. नव्या वस्तीत आलेल्या माणसाला त्या आठवड्यात जे लागते ते दिले तर ते दान. तेच सहा महिन्यांनी दिले तर ती नुसती वस्तू.

मग नेमके काय द्यावे? मी दुकानाची यादी वाचून दाखवणार नाही. घरातल्या बाईला विचारावे, पुरुषाला विचारू नये, कारण तो "काही नको, तुम्ही या म्हणजे झाले" असेच म्हणणार. बाईला विचारले तरी ती पहिल्यांदा नाहीच म्हणेल. म्हणून असे विचारावे : "वहिनी, आम्ही पाचजण मिळून काहीतरी आणणारच आहोत. पंखा आणू की मिक्सर?" दोन वस्तूंची नावे घेतली की तिसरी खरी गरज बाहेर येते. "पंखा आहे हो, पण न्हाणीघरात बादल्या सुद्धा नाहीत," असे उत्तर मी स्वतः ऐकले आहे.

पाचजणांनी मिळून द्यायला छताचा पंखा ही चांगली वस्तू आहे, आणि तो घ्यायचा तर बीएलडीसी मोटरचा घ्यावा. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज खातो, हा साधारण ३० वॅटवर चालतो. दिवसाला बारा तास चालला तर महिन्याला सोळा युनिट वाचतात, आणि ते दर महिन्याला वाचतात. २०२३ पासून पंख्यावर ताऱ्यांची चिठ्ठी असणे सक्तीचे आहे, ती बघून घ्यावी. कुकर द्यायचा तर आयएसआय खुणेचा, आणि घरात माणसे किती आहेत ते बघून. तिघांच्या घरी दहा लिटरचा कुकर देऊन काय करायचे? सिलिंडरचा गॅस असेल तर शेगडीची नवी सुरक्षा नळी ही अगदी थोड्या पैशांत येणारी वस्तू आहे. तिची मुदत पाच वर्षे असते, पण लोक शेगडीबरोबर जुनी नळीही नव्या घरात आणतात. ती कोणी आहेर म्हणून देत नाही, कारण पाकिटात शोभत नाही. मी देतो. जे काही द्याल त्याचे बिल आणि वॉरंटी कार्ड दुकानाच्या शिक्क्यासह सोबत द्यावे. किंमत दिसेल म्हणून आपण बिल काढून घेतो आणि वस्तू बिघडली की त्या माणसाला दुकानात कोणी उभे करत नाही.

पुस्तकांबद्दल एकच सांगतो. "बुद्ध आणि त्यांचा धम्म" हा ग्रंथ आपल्या घरी असायलाच हवा, परंतु त्याच्या तीन-तीन प्रती एकेका घरात मी पाहिल्या आहेत, त्याही ट्रंकेत. पुस्तके देणारे पुष्कळ, पुस्तकांसाठी फळी देणारा एखादाच. मुले दहावी-बारावीत असतील तर एक घडीचे टेबल आणि एक दिवा याहून मोठी भेट मला तरी सुचत नाही. १६० चौरस फुटांत पोटावर झोपून अभ्यास केलेल्यांना टेबलाची किंमत सांगायला नको.

आता आहेराच्या वहीबद्दल. माझ्या गृहप्रवेशाला माझी सख्खी मावशी आली नाही. ती त्या वेळी चार घरी भांडी घासायची. मी रागावलो, फोनही केला नाही. दोन महिन्यांनी मीच तिच्याकडे गेलो तेव्हा म्हणाली, "अरे बाळा, दारात वही घेऊन पोरगा बसवलेला असतो. माझं नाव घेऊन काय लिहायचं त्याने? हात हलवत कशी येऊ?" त्या वहीत माझा भाचा बसला होता, आणि मीच त्याला बसवले होते. कोणाचे किती आले हे परत फेडताना कळावे म्हणून. मग मावशीने घरातून गावाकडचे कडवे वाल आणि तांदूळ काढून माझ्या पिशवीत भरले. त्या महिन्यात हप्ता गेल्यावर माझ्या खात्यात बाराशे रुपये उरले होते. शेवटचा आठवडा आम्ही त्या वाल-तांदळावर काढला, हे तिला मी कधी सांगितले नाही. ती गेली २०१९ मध्ये.

आपल्या मंडळापुरते तरी ही वही बंद करावी अशी माझी विनंती आहे. ज्याला पैसे द्यायचे आहेत त्याने जरूर द्यावेत, रोख रक्कम ही कित्येकदा सर्वांत उपयोगी भेट असते. फक्त नाव पुकारू नये आणि लिहू नये. (मोठी रक्कम देणाऱ्या-घेणाऱ्यांसाठी एक सूचना : लग्नात आलेला आहेर आयकरातून पूर्ण सुटतो, गृहप्रवेशाचा सुटत नाही. कायद्याने ठरवलेल्या नातेवाइकांखेरीज इतरांकडून वर्षभरात मिळून ५० हजारांवर रोख आली तर ती उत्पन्नात धरली जाते. आपल्यापैकी किती जणांवर ही वेळ येईल ते वेगळे.)

शेवटी मी स्वतः प्रत्येक गृहप्रवेशाला जी वस्तू नेतो तिच्याबद्दल. ती म्हणजे एक फाईल. बटणाची, आत प्लास्टिकचे कप्पे असलेली, स्टेशनरीच्या दुकानात मिळते तशी. प्रत्येक कप्प्यावर मी चिठ्ठी लावून देतो : नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स दोन, कर्ज मंजुरीचे पत्र, बिल्डरला दिलेल्या पैशांच्या पावत्या, कर्जाच्या विम्याची पॉलिसी, सोसायटीचे भाग प्रमाणपत्र, नामनिर्देशन अर्जाची पोच, वीजबिल, मालमत्ता कर. करारनाम्याची मूळ प्रत बँकेकडे असते, म्हणून तिची झेरॉक्स आणि बँकेने दिलेली पोच ठेवायची. मूळ कागदांना कधीही लॅमिनेशन करू नये, असेही वर लिहितो.

ही सवय मला का लागली ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या काउंटरवर एक बाई दर महिन्याला हप्त्याचे पैसे रोख भरायला येत. नवरा वारला होता. आठ महिने त्यांनी पैसे भरले, त्यासाठी आधी बांगड्या मोडल्या, मग मुलाचे कॉलेज थांबवले. नवव्या महिन्यात त्यांच्याबरोबर एक शेजारी आले, त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेले कागद होते. त्यात कर्जाच्या विम्याची पॉलिसी निघाली. कर्ज घेताना हप्ता एकरकमी भरून घेतलेली, कर्जदार वारला तर उरलेले कर्ज फेडणारी. नवऱ्याने बाईला कधी सांगितले नव्हते. आणि आठ महिने ज्या काउंटरवर त्यांनी पैसे भरले तिथे बसणाऱ्यानेही त्यांना विचारले नव्हते की, ताई, विमा होता का? तो बसणारा मी होतो. दावा मंजूर झाला, पैसे मिळाले. पण मुलाचे ते वर्ष गेले ते गेले.

तेव्हा ही फाईल देताना मी ती घरातल्या पुरुषाच्या हातात देत नाही. बाईला आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना बसवून कप्पे दाखवतो. पाच-दहा मिनिटे लागतात. बाहेर जेवणाच्या पंगती चाललेल्या असतात, लोक म्हणतात, हा आला बँकवाला शिकवायला. म्हणू द्या.

विद्यार्थी मित्रांनी वर्गणी काढायची गरज नाही. तुमच्याकडे पैसे नाहीत, पण मोबाईल आहे आणि अंगात ताकद आहे. नव्या घरी गेलेल्या कुटुंबाला आधारचा पत्ता बदलायचा असतो, मतदार यादीसाठी अर्ज क्रमांक ८ भरायचा असतो, गॅस जोडणी बदलून घ्यायची असते, वीज मीटर नावावर करायचे असते. हप्त्याच्या धावपळीत हे सर्व राहून जाते आणि मतदानाच्या दिवशी घरातली पाच मते जुन्या वस्तीत पडून राहतात. दोघांनी एका रविवारी बसून हे अर्ज भरून द्यावेत. कोणी सामान चढवायला जावे. पाचव्या मजल्यावर लिफ्ट सुरू झालेली नसताना कपाट चढवणे ही काय साधी गोष्ट आहे? त्यांना त्या दिवशी संध्याकाळचे जेवण मात्र घरून डब्यात नेऊन द्या, कारण त्या घरात त्या दिवशी चूल पेटलेली नसते.

बराच वेळ घेतला. आपल्या मंडळाच्या एका सभासदांचा गृहप्रवेश पुढच्या रविवारी आहे. मी त्यांच्या पत्नीला फोन केला होता. पंखे त्यांच्याकडे आहेत, घड्याळही आहे. पडद्याच्या दांड्या नाहीत, मुलीला टेबल हवे आहे आणि शेगडीची नळी जुनी आहे. दांड्या आणि नळी मी घेतो. टेबलासाठी चार नावे हवी आहेत. आणि ज्यांच्याकडे ड्रिल मशीन आहे त्यांनी सभा संपल्यावर मला दारापाशी भेटावे. जयभीम, नमो बुद्धाय.